सोनीचे मागचे पाय

सकाळी तोंड धुवायला हरिहर मागच्या पडवीत गेला, तेव्हा सोनी भिंतीकडे तोंड करून उभी होती. भिंतीवर काही नव्हतं. पाल नव्हती, मुंग्यांची रांग नव्हती, ओल धरून फुगलेला चुना तेवढा होता, आणि सोनी त्या चुन्याकडे बघत होती. बघत होती असंही म्हणता येत नव्हतं. डोळे उघडे होते, पण त्यांतून बाहेर कोणी येत नव्हतं. त्यानं जीभ टाळूला लावून टक् टक् आवाज काढला. एरवी या आवाजाला ती पाठीची कमान करून उड्या मारत, कुक् कुक् करत पायाशी यायची. आज तिचा कानही हलला नाही. मग कुठून तरी लांबून परत आल्यासारखी तिनं मान वळवली आणि ती त्याच्याकडे निघाली. पुढचे पाय निघाले. मागचे मागेच राहिले, फरशीवर दोन बाजूंना पसरले, आणि तिचं लांबट पिवळसर अंग ओल्या फडक्यासारखं ओढलं गेलं. एवढंच झालं. पुढच्या क्षणी ती उठली, अंग झटकून पेटीत शिरली. हरिहर तांब्या हातात घेऊन तसाच उभा राहिला. स्वयंपाकघरातून मालननं विचारलं, "पाणी गार झालंय का?" तो म्हणाला, "नाही. ठीक आहे." सोनीचं तिला काही सांगायचं नाही हे त्या उत्तरातच ठरून गेलं, आणि ते इतक्या सहज ठरलं की ठरवल्यासारखंही वाटलं नाही.

राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून कल्याण स्टेशनावर बांधलेली तोरणं त्या दिवसांत अजून उतरवलेली नव्हती. आंब्याची पानं वाळून करडी झाली होती. मालगुदामाकडे जाताना हरिहर त्यांच्याखालून गेला, आणि पार्किनसाहेबाची आठवण त्याच्या मनात आली. गुदामाचा हा जुना साहेब विलायतेला परत जाताना फेरेटची जोडी हरिहरच्या गळ्यात घालून गेला होता. धान्याची पोती उंदीर फोडत, म्हणून साहेबानं ही जनावरं बोटीतून आणवली होती. बिळात सोडली की उंदीर दुसऱ्या तोंडानं बाहेर पळत. फेरेट हा शब्द गावात कुणाला नीट म्हणता येत नसे. लोक विलायती मुंगूस म्हणत. जाण्याआधी साहेबानं हरिहरला गुदामाच्या दारात बसवून, मादीचा वरचा ओठ अंगठ्यानं उचलून दाखवला होता. हिरडी गुलाबी आहे का बघ. पाठीची कातडी चिमटीत धर आणि सोड, ती लगेच खाली बसली पाहिजे. शेपटीचे केस बघ, खाणं बघ, चाल बघ. मग आपल्या मोडक्या हिंदुस्थानीत त्यानं सांगितलं होतं, की हे जनावर आजार लपवतं. रानात जे लंगडतं त्याला दुसरा कोणी खातो, म्हणून पडेपर्यंत ते कळू देत नाही. तेव्हा हरिहर मान डोलावत होता. साहेबाला वाईट वाटू नये एवढाच त्याचा हेतू होता. ही जनावरं घरी नेऊन करायची काय, याचं त्याला कोडंच होतं.

घरी नेली तेव्हा त्याची विधवा थोरली बहीण, विमलाबाई, पदर नाकाला लावून माजघरात निघून गेली. "वास येतो रे," एवढंच ती म्हणाली. मालन मात्र चुलीपुढून उठून आली. लेक नंदा गेल्यापासून ती कशासाठीच अशी उठून आली नव्हती. तिनं पेटीची फळी सरकवली, आत हात घातला, आणि मादीनं तिच्या करंगळीला दात लावले. मालननं हात मागे घेतला नाही. त्याच संध्याकाळी तिनं मादीचं नाव सोनी ठेवलं आणि नराचं राजा. घरात कायस्थांची चूल, मटण आणि मासळी होतीच. त्यातले तुकडे ती वेगळे काढू लागली. उन्हाळ्यात पेटीवर ओलं गोणपाट टाकू लागली. सोनी घरातले चमचे, लोकरीचे गुंडे, विमलाबाईची जपमाळ चोरून उतरंडीमागे नेऊन ठेवी, आणि मालन ते शोधताना कधीकधी हसे. राजा गेल्या पावसाळ्यात गेला. त्याच्या शेपटीचे केस गळत होते, ते उकाड्यानं गळतात असं सगळ्यांनी धरलं. तो जास्त झोपायचा, ते त्याचं वय झालं म्हणून. एका सकाळी पेटीत तो लाकडासारखा कडक मिळाला. मालननं पेटी धुतली, उन्हात ठेवली, आणि त्याबद्दल ती कधी एक शब्द बोलली नाही.

त्या सकाळनंतर हरिहर रोज सोनीला तपासू लागला. मालन विहिरीवर गेली की तो पडवीत जाई. ओठ उचलून हिरडी बघे. ती गुलाबी नव्हती, धुवून धुवून विटलेल्या खणासारखी झाली होती. शेपटीच्या बुंध्याशी केस विरळ झाले होते आणि खालची कातडी उंदराच्या शेपटीसारखी दिसत होती. ती पुढच्या पंजानं तोंड खाजवी, जसं काही टाळूला चिकटलंय, आणि ओठांच्या कडेनं लाळ गळे. झोपलेली असली तर तिला उठवायला फार हलवावं लागे. पहिल्यांदा तर ती गेलीच असं त्याला वाटलं होतं. तळहातावर घेतली की ती हलकी लागे आणि तरी लोंबे. हे सगळं बघताना आपल्याला फारसं दुःख होत नाही हे त्याच्या ध्यानात आलं. पोत्याची शिवण बघावी तसं तो बघत होता. आपण असेच आहोत, असं त्याला वाटलं, आणि त्यात नवं काही नव्हतं. एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. संध्याकाळी तो घरी येई तेव्हा सोनी चांगली असे. अंगणात येई, धोतराचा सोगा ओढी, उड्यासुद्धा मारी. "बघा, कशी खेळतेय," मालन म्हणे. तो म्हणे, "हो, छान आहे." सकाळी मरायला टेकलेलं जनावर रोज संध्याकाळी बरं कसं होतं, याचा विचार तो गुदामात बसून करी. एकदा तिला उचलताना हनुवटीखालचे केस बोटांना चिकट लागले. त्यानं बोट जिभेला लावलं. गूळ होता.

तरी त्याला कळलं नाही. किंवा कळलं आणि त्यानं ते बाजूला ठेवलं. अशा गोष्टी बाजूला ठेवायची त्याला सवय होती.

मग गुदामात एक पेटी उतरवताना ती निसटली आणि त्याच्या अंगठ्याचं नख उखडलं. रक्त थांबेना, म्हणून नव्या साहेबानं त्याला घरी जायला सांगितलं. दुपारची वेळ होती. पारनाक्यावर सगळी दारं उन्हासाठी लोटलेली होती. विमलाबाई माजघरात निजली होती, तिचा घोरण्याचा बारीक आवाज येत होता. चिंधी आणि हळद मागायला तो मागच्या दाराशी गेला आणि तिथेच थांबला. मालन पडवीत भिंतीला पाठ लावून बसली होती. तिच्या मांडीवर सोनी उलटी पडली होती, मान मागे लोंबत होती, पाय मधूनच झटका देत होते. शेजारी वाटीत गुळाचं पाणी होतं. मालन त्यात बोट बुडवून ते सोनीच्या हिरड्यांवर चोळत होती, गालाच्या आतून, हळूहळू, पुन्हा पुन्हा. आणि बोलत होती. रोजचं काम करताना माणूस बोलतं तशा आवाजात. "ऊठ बाई. गिळ. आता थोड्या वेळानं ते यायचेत. त्यांच्यासमोर पडायचं नाही. त्यांना नाही सोसायचं. ऊठ."

हरिहर आला तसा मागे फिरला. चपलांचा आवाज होऊ नये म्हणून त्या हातात घेऊन तो अनवाणीच बाहेर पडला. फरसबंदी भाजत होती हे त्याला तळ्याशी पोचल्यावर समजलं. अंगठ्याला उपरण्याचं टोक गुंडाळून तो पायरीवर बसला. पाणी उतरलं होतं, कडेला हिरवी साय आली होती, त्यात एक म्हैस डोळे मिटून उभी होती. त्यांना नाही सोसायचं. हे वाक्य तो मनात फिरवून बघत होता. मालनला तो असा वाटत होता तर. तो तिला वाचवत होता, ती त्याला वाचवत होती, आणि मध्ये ते जनावर रोज संध्याकाळी आपले मागचे पाय गोळा करून उड्या मारत होतं. त्याला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी त्याला नंदा दिसली. तो ठाण्याला सरकारी कामासाठी निघाला होता त्या दिवशीची. वय चार. ओसरीत भिंतीला टेकून बसलेली, दुधाची वाटी अर्धी तशीच, आणि डोळे समोरच्या खांबावर. कित्येक दिवसांपासून तिला ताप येऊन जाऊन होता, येईल तेव्हा थंडी वाजे आणि उतरला की ती पुन्हा खेळे. त्या सकाळी मात्र ती टेकून बसली होती. चार वर्षांचं मूल टेकून बसत नाही. हे त्याला दिसलं होतं. त्यानं पागोटं घातलं होतं आणि तो म्हणाला होता, "येताना काय आणू?" नंदा बोलली नव्हती, आणि मालन आतून म्हणाली होती, "झोपेत आहे अजून." पुढे डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं आणि पानथरी बरगडीखाली केवढी वाढली आहे ते दाखवलं. कोयनेल दिलं. आधी आणली असती तरी माझ्याकडे हेच औषध होतं, असं तो म्हणाला. ते खरं होतं. घरात कोणी कोणाला दोष दिला नाही. कोणी काहीच म्हटलं नाही. नंदाचे कपडे विमलाबाईनं बोहारणीला दिले, आणि तिच्याबद्दल बोलायचं नाही असं न ठरवता तिघांनी पाळलं. मालन जेवण वाढताना मीठ हवं का विचारी. तो नको म्हणे. त्यातच इतकी वर्षं गेली होती.

उन्हं कलल्यावर तो रोजच्यासारखा घरी आला. सोनी अंगणात होती. त्याला बघून तिनं दोन उड्या मारल्या. दुसऱ्या उडीनंतर कूस एका बाजूला गेली, तिनं सावरली. मालन बघत होती, त्याच्या तोंडाकडे. तिची नजर त्याच्या अंगठ्यावर गेली.

"हे काय झालं?"

"पेटी पडली."

"आणि तसेच बसलात दिवसभर? हळद तरी लावायची."

तिनं त्याचा हात ओढून घेतला, पाणी आणलं, उपरणं सोडवलं. ती चिंधी बांधत असताना तो म्हणाला, "उद्या सोनीला ठाण्याला नेऊ. तिथे घोड्यांचा सलोत्री आहे, पोलिसांच्या घोड्यांना औषध देतो."

"कशाला? बरी तर आहे."

"मी दुपारी आलो होतो घरी. अंगठा बांधायला."

तिचे हात थांबले. मग तिनं गाठ पुरी केली, जरा जास्तच घट्ट. "पडवीपर्यंत आला होतात?" तिनं विचारलं. तो हो म्हणाला. ती वाटी उचलून आत गेली, आणि त्या रात्रीच्या जेवणात कोणी मिठाचं विचारलं नाही.

सोनीला गाडीतून न्यायचं नव्हतं. इंजिनाच्या शिट्टीनं तिला एकदा झटका आला होता, असं मालन म्हणाली. हे तिनं हरिहरला पहिल्यांदाच सांगितलं. म्हणून ते सकाळच्या ओहोटीबरोबर बंदरातून काळुरामच्या होडीनं निघाले. काळुराम कळव्याच्या बाजूचा आगरी, भात ठाण्याला पोचवायचा आणि येताना मीठ आणायचा. पोत्यांच्या सावलीत त्यानं त्यांना जागा करून दिली. मांडीवरची टोपली बघून तो म्हणाला, "आत काय हाय, बाय?" मालननं फडकं बाजूला केलं. त्यानं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "मुंगसासारखंच दिसतं. आजारी हाय का?" मालन म्हणाली, "हो. आजारी आहे." तिनं हे अगदी साधेपणानं सांगितलं. हरिहरला वाटलं, हे शब्द तिच्या तोंडून आपण कधी ऐकले नव्हते. त्या वेळीही नाही.

खाडी पसरत गेली. दोन्हीकडे तिवरं, त्यांच्या मुळांशी काळा चिखल उघडा पडलेला, त्यावर बगळे. काळुराम सुकाणूपाशी जाऊन बसला होता आणि त्याला तोंडातल्या तोंडात काही गुणगुणायची सवय होती, त्यामुळे पोत्यांमागे दोघंच असल्यासारखं होतं. सोनी झोपली होती. मालन तिच्या पोटावर तळवा ठेवून श्वास मोजत होती, की नुसतीच बसली होती, ते कळत नव्हतं.

"केव्हापासून ठाऊक होतं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"तोरणं लागली होती तेव्हापासून. तुला?"

"त्याच्या आधीपासून. संक्रांतीच्या सुमाराला तिनं अंडं चाटून टाकून दिलं. तेव्हाच."

 मग तीच पुन्हा बोलली, पाण्याकडे बघत. "नंदाचंही मला दिसलं होतं. त्या दिवशी तुम्ही निघालात तेव्हा ती टेकून बसली होती. ती झोपेत आहे असं मी म्हणाले."

"मला दिसली होती ती. मी पाहिलं."

मालननं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिनं असं थेट बघितलं नव्हतं, किंवा त्यानं ते टाळलं होतं. "मग बोलला का नाहीत?"

 त्यानं खरोखर आठवून पाहिलं. "तू घाबरशील असं वाटलं," तो शेवटी म्हणाला. "आणि मी बोललो की ते ठरून जाईल असंही."

"औषध नव्हतंच," ती म्हणाली. "ते मला कळतं. माझं ते म्हणणं नाही. पण मला वाटायचं, हे एकटीलाच दिसतंय. सगळे बोलताहेत, चालताहेत, आणि मला एकटीलाच दिसतंय. वेड लागेल की काय असं व्हायचं. तुम्ही म्हणाला असतात ना, मालन, हिचं काही खरं दिसत नाही, तर मी तुमच्याजवळ बसले असते. एवढंच."

  हरिहरला सगळं फार स्वच्छ दिसत होतं, बगळा, चिखल, पोत्यांची सुतळी, तिच्या कपाळावर वाऱ्यानं आलेली बट. तिचा एक केस आता पिकला होता. तो त्यानं आज बघितला. थोड्या वेळानं त्यानं टोपलीखाली आपला हात घातला, तिच्या मांडीला भार नको म्हणून, आणि कळव्यापर्यंत तो तसाच ठेवला.

सहदेव सलोत्री ठाण्याच्या तळ्याकाठी टांग्यांच्या अड्ड्यावर एका घोडीचा खूर तासत होता. हातातलं काम संपवून तो आला. "घोडा, बैल यांचं मला कळतं," तो म्हणाला. "हे जनावर मी जन्मात पाहिलेलं नाही. तुम्ही सांगा, मी ऐकतो." मग दोघंही सांगू लागले. हरिहरनं हिरडीचं सांगितलं, मालननं झटक्याचं. तो सकाळचं सांगे, ती दुपारचं. एकाचं वाक्य दुसरं पुरं करी. सलोत्र्यानं सोनीला चौथऱ्यावर ठेवून चालवलं, मागून बघितलं, पोट चाचपलं.

"गूळ दिल्यावर किती वेळ बरी असते?"

"आधी दिवसभर असायची," मालन म्हणाली. "आता दिवेलागणीपर्यंत पुरत नाही."

"म्हणजे गुळानं उठते आणि आणखी खाली जाते. मला तरी असं दिसतं." त्यानं हात धोतराला पुसले. "पडली तरच बोटभर द्या, आणि शुद्धीवर आली की लगेच मांस. दिवसातून पुष्कळदा, थोडं थोडं. उपाशी ठेवू नका. बरी होईल असं मी सांगत नाही, बाई."

"दुखतं का तिला?"

"अजून नाही. दुखायला लागलं की कोपरा धरेल, हात लावला तर दात काढेल, आवडीचंही हुंगणार नाही. मग मला कळवा. झोपेत जाईल अशी पुडी देईन." मालनकडे बघून त्यानं जरा थांबून विचारलं, "चालेल ना?" मालननं हरिहरकडे बघितलं. "चालेल," हरिहर म्हणाला. "आम्ही दोघं बघू."

भरतीबरोबर ते परत आले. त्यानंतर घरात बोलणं सुरू झालं, आणि ते सगळं सोनीचं होतं. तो गुदामातून आला की पागोटं काढता काढता विचारी, "आज?" आणि मालन सांगे. दोनदा पडली. यकृताचा तुकडा खाल्ला. दुपारी आपण होऊन उठली. शेपटीला आता एक केस नाही. विमलाबाई माजघरातून ऐके, आणि मग एके दिवशी तिनंच सांगितलं, "मालन विहिरीवर होती तेव्हा ती भिंतीकडे बघत होती हो. मी पाठीवर हात फिरवला, तशी आली भानावर." सगळे तिच्या हाताकडे बघू लागले, तेव्हा ती म्हणाली, "वास काही फार नाही आता." उन्हाळा कठीण गेला, गोणपाट दिवसभर ओलं ठेवावं लागे. सोनी उड्या मारेनाशी झाली होती. कोणी तिच्याकडून ती अपेक्षाही करत नव्हतं. ती फरशीवर पोटावर पडून राही, डोळ्यांनी माणसांना पोचवी आणि आणी, आणि संध्याकाळी हरिहर आला की पुढच्या पायांनी अंग ओढत उंबऱ्यापर्यंत येई. तो तिला आता उठून येऊ देत नसे. चपला काढण्याआधी तोच आत जाई. एकदा बोलता बोलता मालन म्हणाली, "नंदा पण अशीच कोथिंबिरीची काडी चावत बसायची," आणि बोलणं तिथे अडलं नाही, पुढे कोथिंबिरीवर गेलं आणि मग पुन्हा नंदावर आलं.

पुडी आणायची वेळ आली नाही. गणपती होऊन गेले होते, आभाळ उघडत होतं, आणि हरिहर गुदामाच्या दारात हमालांना थप्पी कुठे लावायची ते दाखवत होता. भरदुपार होती. एक हमाल त्याच्यामागे बघू लागला म्हणून तोही वळला. रुळांच्या बाजूच्या चिखलातून, पदर डोक्यावरून घट्ट ओढून, एक बाई येत होती. त्यांच्या घरातली बाई बाजारातून एकटी कधी स्टेशनावर आली नव्हती, त्यामुळे आधी त्याला ती मालन वाटलीच नाही. ती थप्पीजवळ येऊन उभी राहिली. पायाला घोट्यापर्यंत चिखल होता. तोंड कोरडं होतं. आजूबाजूला माणसं थबकली होती आणि तिला त्यांचं काही वाटत नव्हतं.

"सोनी गेली," ती म्हणाली. "आत्ताच. माझ्या मांडीवर. काही त्रास झाला नाही."

"बरं," तो म्हणाला.

"संध्याकाळपर्यंत मला थांबवेना."

नव्या साहेबानं आतून काय आहे म्हणून विचारलं. हरिहरनं खुंटीवरचं पागोटं घेतलं, आणि घरी जावं लागतंय एवढं सांगून तो बाहेर आला. मालन निघाली होती, रीतीप्रमाणे तो पुढे होईल म्हणून रेंगाळत. तो पुढे झाला नाही. चिखलात दोघांना पुरेल एवढी वाट नव्हती, तेव्हा तो कडेच्या पाण्यातून तिच्या बरोबरीनं चालू लागला.